वानखडेबाईंची भट्टी

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सेलूच्या शिवारात भट्टी लावली. एवढं सांगितलं की ऐकणारा सावरून बसतो. भट्टी गवती चहाच्या तेलाची होती, असं पुढं म्हटलं की त्याचा निम्मा रस जातो. तो वानखडेबाई परत आणतील, अशी माझी खात्री आहे. त्या होत्या तोवर त्यांनी कुणाला अर्ध्यावर सोडलेलं मी पाहिलं नाही.

सुमती वानखडे विज्ञान शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं लागून होती. उंचीनं बेताच्या, आवाजानं भरपूर, पदर कायम कमरेला खोचलेला. माहेर समुद्रपूरकडचं, कापूसवाल्यांचं. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत आणि फळ्याकडे पाठ केली की माहेरची. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते, वर्धा–नागपूर फेरीवर. दिवसभर लोकांना "पुढं सरका" म्हणून थकलेला हा माणूस घरी अगदीच कमी बोलायचा. त्याची भरपाई बाई करत.

बाई नाकानं जगत. खडूची नवी पेटी आली की आधी हुंगत आणि ओल लागलेली असेल तर परत पाठवत. माझ्या डब्याचं झाकण उघडायच्या आत त्या भाजी ओळखत आणि ती कालची आहे हेही सांगत. ही गोष्ट मी एकदा घरी बोललो. त्यामुळे माझ्या बायकोचं आणि त्यांचं काही दिवस फारसं बरं नव्हतं. मुलांना त्या सांगत की नाक हे देवानं दिलेलं पहिलं यंत्र आहे, फुकट मिळालं म्हणून कुणी वापरत नाही इतकंच.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. एक म्हणजे प्रयोगातलं उरलेलं त्या कधी फेकत नसत. प्रयोगशाळेतलं एक कपाट अशा उरल्यासुरल्या बाटल्यांनी भरलेलं होतं. हेडमास्तरांनी ते साफ करायला सांगितलं की बाई म्हणत, "आज नाई बोलत ते उद्या बोलंल." दुसरी सवय म्हणजे, एखाद्या पोरानं अवघड काही विचारलं तर त्या सरळ सांगत, मला अजून समजलं नाही. आम्ही बाकीचे असल्या वेळी खाकरतो, घड्याळाकडे बघतो, फार तर त्या पोरालाच उभं करतो. बाईंना त्यात कमीपणा वाटत नसे. "समजलं नाई" यापेक्षा "अजून" या शब्दावर त्यांचा जोर असायचा.

तेलाचं खूळ कसं आलं ते मला नक्की ठाऊक नाही. आमच्याकडे घरटी मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा एक ठोंब असतोच. सर्दीपडसं झालं की त्याची चार पाती आल्याबरोबर चहात पडतात, यापलीकडे त्याला कुणी विचारत नाही. बाईंनी मात्र एक दिवस शेजारपाजारच्या बायांना ते पान चुरगाळून हुंगायला लावलं आणि सांगितलं, की हा वास म्हणजे तेल आहे. ते काढता येतं, आणि साबणवाले, अत्तरवाले त्याची वाट बघत असतात. बाईंच्या सासऱ्यांचा एक बरडाचा तुकडा वर्ध्याच्या रस्त्याला लागून पडीक होता. तिथं तुरीनंही मान टाकली होती. गवती चहाला ढोरं तोंड लावत नाहीत, रानडुकरं फिरकत नाहीत, आणि एकदा लावला की तो वर्षानुवर्षं कापता येतो. बायांना हे पटलं.

आता रोपं. गवती चहा विकत आणायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे मागायचा, त्यानं कुदळ घालून ठोंब फोडून द्यायचा. विकतचा लागत नाही म्हणतात. तेव्हा बाया आपापल्या मोरीवरचे ठोंब घेऊन आल्या. कुणी माहेरी जाऊन मागून आणले. बरडावर लावणी झाली तेव्हा कुठली ओळ कुणाच्या माहेरची हे जो तो सांगू शकत होता. बाईंनी प्रत्येक ठोंब हुंगून पास केला. सगळ्यांचा वास एकच, लिंबासारखा, नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जाणारा. त्या फार खूश होत्या.

भट्टी म्हणजे एक मोठं पिंप, त्यावर घट्ट झाकण, झाकणातून निघालेली नळी आणि ती नळी ज्यातून जाते तो गार पाण्याचा हौद. सकाळी दव वाळल्यावर गवत कापायचं, एक दिवस सावलीत सुकू द्यायचं, मग बारीक करून पिंपात दाबून भरायचं. खाली पाणी, त्याखाली जाळ. वाफ गवतातून वर जाताना तेल सोबत घेऊन जाते, नळीत थंडावते आणि पलीकडे पाण्यावर पिवळं तेल तरंगतं. उकळून काढलेलं गवत वाळवायचं आणि पुढच्या वेळी जाळाला घालायचं. बाईंना यातलं हे शेवटचं सगळ्यात आवडायचं. नळीचा साज नागपूरहून एसटीच्या टपावर बसून आला. त्याचं तिकीट वानखड्यांनी नियमाप्रमाणे स्वतःच्या खिशातून फाडलं.

भट्टी पेटवायचं काम सरस्वतीकडे. सरस्वती ही बाईंच्या गल्लीतलीच. हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. तिच्या नवऱ्याचं रेशनचं दुकान होतं, त्यामुळे रॉकेलचा बोळा आणि काडीपेटी पहिल्या दिवशी तिनंच आणली. तिचा जाळ एका काडीत लागला आणि धूर न होता लागला. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. ती आली की इतर बाया बाजूला होत.

पोलीस येणार हे ठरलेलंच होतं. पिंप, नळी, धूर, आणि तेही बंदीच्या जिल्ह्यात. जमादार एका शिपायासह आला तेव्हा मी तिथं होतो. बाईंनी त्याच्यापुढं बाटली धरली आणि हुंगायला सांगितलं. जमादाराला सडकून पडसं झालेलं. त्याला काहीच कळेना. ज्याला वास येत नाही त्याची खात्री कशी पटवायची? बाईंनी पातेलंभर पाणी तापवलं, त्यात तेलाचा एक थेंब टाकला आणि जमादाराच्या डोक्यावर सतरंजी टाकून त्याला वाफ घ्यायला बसवलं. थोड्या वेळानं सतरंजीतून घामाघूम जमादार बाहेर आला. नाक मोकळं झालेलं, डोळे पाणावलेले. त्यानं बाटली हुंगली, शिपायालाही हुंगवली आणि आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी थोडं मागून घेतलं. बाईंनी ते जवसाच्या तेलात मिसळून दिलं आणि नुसतं लावायचं नाही, असं दोनदा बजावलं.

हे बजावणं आमच्या शाळेच्या क्लार्कनं ऐकलं नव्हतं. पाठीच्या उसणीवर त्यानं तेल नुसतंच चोळलं, कातडी भाजून घेतली आणि दुसऱ्या दिवशी उभ्यानं पगारपत्रक लिहिलं. हेडमास्तरांची तऱ्हा वेगळी. साहेबांना दाखवायला म्हणून त्यांनी हट्टानं रबरी बुचाच्या बाटलीत तेल नेलं. बूच फुगून चिकट झालं, दप्तरात तेल पाझरलं आणि शाळेच्या सगळ्या कागदांना वर्षभर लिंबाचा वास येत होता. मात्र त्या वर्षी शाळेच्या कागदांना कसर लागली नाही, हे बाई आवर्जून सांगत. गोठ्यात गोचीड, घरात डास, फरशीवर माश्या, सगळ्यांवर त्यांच्याकडे तेलाचा उपाय होता. पोटात घेण्याचं मात्र कुणी विचारलं तर त्या कडक आवाजात नाही म्हणत.

हिवाळ्यापासून काढलेलं तेल साठवत साठवत उन्हाळ्याअखेर डबा भरला. आखाडात वानखडे तो नागपूरला घेऊन गेले. इतवारीत एक सेठ असली तेलं घ्यायचा. सेठनं काचेच्या नळीत स्पिरिट घेतलं आणि त्यात तेलाचे थेंब सोडले. चांगलं तेल स्पिरिटमध्ये विरघळून जातं आणि नळी स्वच्छ राहते. या नळीत दूध झालं. सेठ म्हणाला, कंडक्टरसाहेब, यात रॉकेल आहे.

वानखडे डबा घेऊन परत आले. तो माणूस खोटं बोलू शकत नव्हता आणि गप्पही राहू शकला नाही. भट्टीवर सगळ्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर त्यानं सेठचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हळूहळू सगळ्या नजरा सरस्वतीकडे गेल्या. रॉकेल कुणाच्या घरी, हे विचारायची गरज नव्हती.

पुढचं गावात होतं तसंच झालं. नळावर कुणीतरी बोललं, कुणीतरी त्याला मीठ लावलं. दुकानात गिऱ्हाईक तिच्या नवऱ्याला हसत विचारू लागलं, रॉकेलमध्ये आता काय मिसळता म्हणून. नवरा घरी जाऊन बायकोवर चिडला. सरस्वती भट्टीवर यायची थांबली. एक दिवस तिनं आपल्या मोरीवरचा गवती चहाचा ठोंब उपटून उकिरड्यावर फेकला.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी भट्टीवर बायांना गोळा केलं. रोपं भराला आली होती, पुढची कापणी तोंडावर होती. एकीनं काडीपेटी काढली, म्हणाली मी पेटवते. बाईंनी तिच्या हातातून काडीपेटी घेतली आणि आपल्या कमरेला खोचली.

"सरस्वतीच्या हातानं पेटंल," त्या म्हणाल्या. "नाई तं नाई पेटनार."

सगळ्यांनी त्यांना समजावलं. डबा फिनेलवाल्याला देऊन टाका, त्याला कुठं पारख असते. एक बाई कमी झाली तर भट्टी काही अडत नाही. मीसुद्धा म्हणालो की बाई, तेल निघतंय हे महत्त्वाचं, बाकी लोक विसरतील. बाईंनी माझा डबा हुंगावा तसं मला एकदा नीट पाहिलं. म्हणाल्या, "सर, लोक विसरतीन. तिले कसं विसरता येईन?"

त्या बोलल्या नाहीत पण मला वाटतं, त्यांना एक गोष्ट टोचत होती. तो डबा त्यांनी स्वतः हुंगून पाठवला होता. रॉकेलचा एक थेंब असता तरी त्यांच्या नाकानं पकडला असता. म्हणजे एक तर नाक चुकलं होतं किंवा सेठ. दोन्हीपैकी काय, हे समजून घ्यायचं तर स्पिरिट पाहिजे. आणि स्पिरिट कुठं मिळणार? शाळेतल्या दिव्याचं निळं स्पिरिट या कामाचं नव्हे. शुद्ध स्पिरिट जिल्ह्यात परवान्याशिवाय ठेवता येत नव्हतं. नागपूरहून बाटली आणायची तर ज्या गाडीतून यायचं तिचे कंडक्टर वानखडे. वाटेत झडती होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला स्पष्ट नाही म्हटलं.

मग एकच जागा उरली, ज्या सेठनं बायांना भेसळवाल्या ठरवलं त्याचंच दुकान. बाईंनी घरच्या अंगणातला ठोंब कापला, शाळेच्या काचेच्या पात्रात स्वतःच्या हातानं तेल काढलं, त्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही. दोन बाटल्या भरल्या. एक कपाटात कुलूपबंद केली. दुसरी घेऊन त्या नागपूरला गेल्या आणि सेठच्या गादीसमोर बसून म्हणाल्या, नळी काढा.

नळी स्वच्छ राहिली. काचेतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं, असं त्यांनी मला सांगितलं. सेठनं हात जोडले. बाई, तुमचं तेल सोनं आहे, पण तुमच्या बाया तुम्हाला फसवून राह्यल्या.

मी त्यांच्या जागी असतो तर हे कुणाला सांगितलं नसतं. बाई स्टँडवरून थेट सरस्वतीच्या घरी गेल्या. इतर बायांनाही तिथंच बोलावलं. मी शाळेतून घरी जाताना गर्दी बघून थांबलो. सरस्वती उंबऱ्यात उभी होती. बाईंनी काहीही न झाकता सांगितलं की त्यांचं तेल साफ निघालं. बायांत कुजबुज झाली. सरस्वतीचा चेहरा पडला.

"मंग माह्याच हातानं झालं म्हना नं, बाई," ती म्हणाली.

"माहं तेल साफ निघालं, म्हून तुमचं खोटं, असं नाई होत," बाई म्हणाल्या. "मले अजून समजलं नाई. इतकंच सांगाले आली मी."

सरस्वतीनं दार लावून घेतलं. बंद दारासमोर बाई काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांची कणव आली आणि थोडा रागही आला. इतका खरेपणा कशासाठी, असं वाटलं. आज वाटतं, त्या दिवशी त्यांनी त्या बाटलीचा निकाल लपवला असता तर पुढचं काहीच सिद्ध झालं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई सरस्वतीच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. वह्या तिथंच तपासत. दार बंद असे. पोळा झाला, नवरात्र झालं. बरडावरचं गवत कंबरेच्या वर गेलं आणि शेंड्यांनी वाळायला लागलं. भट्टीवर कोळ्यांनी जाळी केली. ज्या बायांनी तोंडं फिरवली होती त्यांनाच आता ते गवत बघवेना. एकदा सरस्वतीनं दार उघडलं. चहाचा कप बाईंपुढं ठेवला आणि म्हणाली, "कायले येता वो बाई रोज?"

"तू येत नाई म्हून."

त्या चहात गवती चहा नव्हता. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला.

पण त्या ओट्यावर बसून त्यांचं डोकं चालू होतं. आपल्या तेलात आणि बायांच्या तेलात फरक काय, हे त्या पुन्हा पुन्हा मांडत. गवत तेच. पाणी तेच. हात वेगळे, पण हातांवर त्यांचा संशय नव्हता. मग उरलं काय? एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या टेबलावर हात आपटला. त्यांचं तेल सेठकडे नेलं तेव्हा नुकतंच काढलेलं होतं. बायांचं हिवाळ्यात काढलेलं आणि उन्हाळाभर डब्यात थांबलेलं. फरक वयाचा होता, दुसरा नव्हताच. मी विचारलं, मग आता? बाई म्हणाल्या, आता वाट पाहायची. कपाटातली दुसरी बाटली जुनी व्हायची वाट.

ती वाट पाहणं मी टेबलाला टेबल लावून पाहिलं आहे. रोज त्या कपाटापुढून जात आणि कुलूप काढत नसत. बाटली उघडली तर कुणी म्हणेल की हिनंच काही केलं. दिवाळी गेली, संक्रांत आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरस्वतीला कुणी बोलावलं नाही. बाईंनी त्या वर्षी आपल्या घरचं हळदीकुंकूच केलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी हेडमास्तरांना बोलावून त्यांच्यासमोर कुलूप काढलं, बाटली पिशवीत घातली आणि मला सोबत घेऊन नागपूरची गाडी धरली.

ही मागच्याच तेलाची दुसरी बाटली, असं बाईंनी सांगितल्यावर सेठनं ती हातात घेतली. झाकण काढून हुंगली, मान डोलावली. स्पिरिटची नळी घेतली, तेल सोडलं, हलवली.

दूध झालं.

सेठनं नळी उजेडाकडे धरली, मग दुसरी नळी घेतली, धुतली, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तो बाईंकडे बघायला लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सेठजी, आता सांगा. यात रॉकेल कोणी टाकलं?"

सेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं मुनिमाला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाला की दक्षिणेतून त्याच्याकडे याच वासाचं तेल येतं, ते वर्षभर पडून राहिलं तरी असं करत नाही. तिकडचं गवत वेगळ्या जातीचं, लाल देठाचं, तेलासाठीच लावतात. तुम्ही लावलं ते चहात घालायचं गवत. तेल त्यालाही चांगलं निघतं, पण ताजं आहे तोवरच. जुनं झालं की स्पिरिटशी त्याचं जमत नाही. त्यानं स्वतः असं तेल आधी कधी घेतलं नव्हतं. दूध दिसलं की रॉकेल, एवढंच त्याला माहीत होतं.

म्हणजे चूक बाईंची होती. दोन गवतांचा वास सारखा. ज्या नाकावर त्या जगत आल्या त्याच नाकानं त्यांना फसवलं होतं, आणि मागून आणायच्या रितीनं त्यावर शिक्का मारला होता. विकत आणलं असतं तर कुठलं, कशासाठी, असं कुणीतरी विचारलं असतं. मागून आणलेल्याला कोण विचारतो? बाईंचं तोंड एवढंसं झालं. पण क्षणभरच. लगेच त्या सेठला म्हणाल्या की सेलूला चला आणि हे तिथं सांगा. सेठ म्हणाला, कंडक्टरसाहेबांच्या हाती निरोप देतो.

"त्यायच्याच हाती पाठवला होता मांगचा," बाई म्हणाल्या. "या खेपेले तुमी या."

तो आला. वानखड्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आला. भट्टीवर सगळ्या बाया जमल्या होत्या. सरस्वतीला आणायला बाई स्वतः गेल्या, आणि ती आली ती नवऱ्याला पुढं घालून आली. सेठनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं की तेलात काही नव्हतं, पारख त्याची चुकली. नंतर बाई उभ्या राहिल्या. गवत मी निवडलं, मी हुंगलं, चूक माझी, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सरळ सांगितलं. ज्या बाया नळावर बोलल्या होत्या त्या खाली बघत होत्या. त्यांना बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचंही वर्षाचं पीक वाया गेलंच होतं.

सगळे सरस्वतीकडे बघत होते. ती गवतातल्या एका ओळीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, मले एक ठोंब द्या."

तिच्याच मोरीवरून आलेल्या ओळीतला ठोंब होता तो. बाईंनी कुदळ घेतली आणि फोडून तिच्या पदरात घातला. बाई रडत होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. नंतर त्यांनी कमरेची काडीपेटी काढून सरस्वतीच्या हातात दिली. इतक्या महिन्यांत काड्या सर्दावल्या होत्या. पहिली लागली नाही, दुसरी लागली नाही, तिसरीला भट्टी पेटली.

पुढं सेठनं दक्षिणेतून लाल देठाचं गवत मागवून दिलं. बायांनी एक अट घातली की ते विकत घ्यायचं नाही, बाईंनी सेठकडे जाऊन रीतीप्रमाणे मागायचं. बाईंनी मागितलं. जुन्या ओळी मात्र कुणी उपटू दिल्या नाहीत. त्या माहेरच्या होत्या. त्यांचं तेल काढलं की पंधरवड्याच्या आत इथल्याच साबणवाल्यांकडे जायचं, आणि नव्याचं नागपूरला. त्यातून कुणी माड्या बांधल्या नाहीत. पण भट्टी चालत राहिली, आणि एक नियम तिथं कायमचा झाला. सरस्वती आल्याशिवाय ती पेटली नाही. तिला ताप आला तर कापणी पुढं गेली. काडीपेटी बाईंच्या कमरेला असायची.

नंतर मी वर्ध्याच्या शाळेत आलो. बाई निवृत्त झाल्या, त्यांनी सिंदी मेघेला घर केलं आणि कापणीच्या दिवशी तेवढ्या एसटीनं सेलूला जात. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा त्या गेल्या. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. नागपूरहून कुणी मोठे अधिकारी भट्टी बघायला येणार होते, सोबत फोटोवाला. बाईंनी मलाही येजा म्हणून निरोप धाडला होता.

पिंप भरून तयार होतं. अधिकारी आले, खुर्चीवर बसले, फोटोवाल्यानं जागा धरली. सरस्वती लेकीकडे समुद्रपूरला गेली होती. सकाळच्या गाडीनं येणार होती आणि गाडीला उशीर झाला होता. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी म्हणालं, फोटोपुरतं दुसऱ्या कुणी पेटवू द्या. बाई आता थकल्या होत्या, हात थरथरायचा, मोतीबिंदूनं एक डोळा गेल्यासारखाच होता. त्या हौदाजवळच्या दगडावर जाऊन बसल्या आणि काडीपेटी मुठीत धरली. "येऊन राह्यली ते," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मला शाळा होती, म्हणून मी निघालो. रस्त्यावर वळणाशी सरस्वती येताना दिसली, पांढऱ्या केसांची, हातात पिशवी. धुळीनं भरली होती आणि भराभर चालत होती.

"पेटली काय वो सर?" तिनं लांबूनच विचारलं.

नाही म्हणालो. बाई काडीपेटी घेऊन बसल्या आहेत, असं सांगितलं. तिनं मान हलवली. पिशवी खाली ठेवून पदर झटकला, तोंड पुसलं, आणि मग सावकाश, रोजच्या पावलानं भट्टीकडे चालू लागली.

माझी गाडी आली. रस्ता बरडाला लागूनच जातो. खिडकीतून पाहिलं तर अधिकारी खुर्चीतून उठले होते आणि फोटोवाला कॅमेऱ्याची पेटी बंद करत होता. बाई त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. सरस्वती बांधावर चढली, तशा त्या दगडाला हात टेकून उठल्या आणि काडीपेटी धरलेला हात पुढं केला.